डेस्कटॉप खट्‌कन बंद पडायचा, त्याची गोष्ट

दहा-बारा मिनिटं चालायचा आणि खट्‌कन बंद. ना सूचना, ना निळा पडदा, थेट काळोख. मुलीचा प्रोजेक्ट दोनदा गेला तेव्हा बोलणी मलाच बसली.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडला तर 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीची रांग. ही नोंद म्हणजे नुसता पंचनामा. मशीन नीट बंद न होता गेलं एवढंच कळतं, कशामुळे ते नाही. दुकानदार फोनवरच म्हणाला, "एसएमपीएस गेलाय साहेब, बदलून टाका." (एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा.) मी थांबलो, बरं झालं.

कारण एक खूण होती. लगेच चालू केला तर दोन मिनिटांत पुन्हा जायचा, अर्धा तास थांबलं तर जास्त टिकायचा. म्हणजे उष्णता. बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन नुसता बघत बसलो: प्रोसेसरचं तापमान ७१ अंश, ८४, ९६... आणि अंधार.

प्लग काढून कॅबिनेट उघडलं. फॅन मघापर्यंत व्यवस्थित फिरत होता, पण हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) बोटानं हलवला तर डुगडुगला! चारपैकी एक प्लास्टिकची पिन मदरबोर्डातून निसटलेली. दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर आणि ब्रश मीच मारला होता (हे घरी अजून सांगितलेलं नाही).

खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) वाळून खडूसारखी झालेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, मधोमध वाटाण्याहून लहान ठिपका दिला आणि समोरासमोरच्या पिना 'टक्' आवाज येईपर्यंत दाबल्या. आता बायॉसमध्ये आकडा ४० च्या आसपास राहतो.