बुरशीविरोधी औषध आणि स्टेरॉइड असलेलं मिश्र क्रीम जपून कसं वापरावं

जांघेत किंवा कमरेवर गोल, लालसर, कडेला पापुद्रे सुटलेला चट्टा उठतो. खाज झोपू देत नाही. कुणीतरी एक ट्यूब हातात ठेवतं आणि दोन दिवसांत आराम पडतो. खरी चूक होते ती इथे. हा आराम स्टेरॉइडने दिलेला असतो. बुरशी अजून त्वचेत जिवंत असते. एवढं मनात पक्कं बसलं, तर पुढच्या सूचना वेगळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

अशा क्रीममध्ये निदान दोन औषधं असतात. बुरशीविरोधी औषध बुरशीची वाढ रोखतं किंवा तिला मारतं, पण त्याला आठवडे लागतात. स्टेरॉइड लाली, सूज आणि खाज झपाट्याने उतरवतं, मात्र त्यासाठी ते त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबून टाकतं. बुरशीला रोखणारा पहाराच ढिला पडतो. असं क्रीम बराच काळ लावत राहिलं की चट्ट्याची कड पुसट होते, रंग बदलतो आणि नायटा आतल्या आत पसरत जातो. अशा बदललेल्या रूपाला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात. ते ओळखायला डॉक्टरांनाही वेळ लागू शकतो.

आधी ट्यूब वाचा

मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, बारीक अक्षरातले घटक बघा. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, इकोनाझोल, केटोकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीविरोधी औषधं. हायड्रोकॉर्टिझोन, बेक्लोमेथाझोन, मोमेटासोन, बीटामेथाझोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडं. यांत हायड्रोकॉर्टिझोन सौम्य, क्लोबेटासोल अतिशय तीव्र. निओमायसिन किंवा जेंटामायसिनही दिसलं, तर त्यात जंतूंवरचं प्रतिजैविक मिसळलेलं आहे. साध्या नायट्याला त्याचा काहीच उपयोग नसतो आणि निओमायसिनची अॅलर्जी तर बऱ्यापैकी आढळते.

साध्या नायट्यासाठी बहुतेक वेळा निव्वळ बुरशीविरोधी क्रीम पुरतं. मिश्र क्रीमची जागा तिथे, जिथे बुरशीबरोबर दाह आणि खाज खूपच आहे, आणि तेही सुरुवातीच्या थोड्या दिवसांपुरतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘नुसतं बुरशीचं क्रीम चालेल का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. आणि दुसऱ्या कुणाला लागू पडलेली ट्यूब आपल्या अंगावर अजिबात लावू नका. गोल दिसणारा प्रत्येक चट्टा बुरशीचा नसतो.

कुठे लावू नये

चेहरा आणि पापण्यांवर नको. तिथली त्वचा पातळ असते आणि स्टेरॉइड डोळ्यांत उतरत राहिलं, तर काचबिंदू किंवा मोतीबिंदूचा धोका असतो. चेहऱ्यावर त्यामुळे मुरमांसारख्या पुटकुळ्या आणि लालीही येते. काही जण गोरं दिसण्यासाठी किंवा डाग जावेत म्हणून अशी क्रीम रोज लावतात. ते कृपा करून आजच थांबवा, आणि बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना दाखवून थांबवा.

बाळाच्या लंगोटाच्या जागी उठलेल्या पुरळावरही नको. लहान मुलांची त्वचा औषध जास्त शोषते आणि लंगोट तर झाकणासारखा त्यावर बसतो. क्लोट्रिमाझोल आणि बीटामेथाझोन डायप्रोपिओनेटचं मिश्रण १७ वर्षांखालच्यांसाठी सुचवलेलं नाही. उघडी जखम, योनीचा आतला भाग, नखांची बुरशी आणि टाळूवरचा नायटा यांसाठीही हे क्रीम नाही. शेवटच्या दोन्हींना सहसा पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात.

लावायची रीत

हात धुवा. चट्ट्याची जागा धुऊन पूर्ण कोरडी करा. जांघ आणि बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली, तर कुठलंही क्रीम हरतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. पातळ थर लावून हलक्या हाताने जिरवा. जाड थराने बुरशी लवकर मरत नाही, स्टेरॉइड मात्र जास्त शोषलं जातं. वरून पट्टी, प्लास्टिक किंवा घट्ट कपडा नको. शेवटी पुन्हा हात धुवा.

दिवस मोजा

सुरू केल्याची तारीख ट्यूबवरच लिहून ठेवा. बीटामेथाझोन डायप्रोपिओनेट असलेलं क्लोट्रिमाझोलचं क्रीम दिवसातून २ वेळा लावतात. अंगावरच्या आणि जांघेतल्या नायट्यासाठी जास्तीत जास्त २ आठवडे, पायाच्या बुरशीसाठी ४ आठवडे, आणि आठवड्याला ४५ ग्रॅमच्या वर कधीच नाही. जांघेत किंवा अंगावर १ आठवड्यात, पायावर २ आठवड्यांत फरक दिसला नाही, तर डॉक्टरांकडे परत जा. सौम्य हायड्रोकॉर्टिझोन असलेलं क्रीम सल्ल्याशिवाय घेतलं असेल, तर ७ दिवसांत थांबा. डॉक्टरांनी याहून कमी दिवस सांगितले असतील, तर तेच पाळा.

खाज थांबली की क्रीमही थांबतं, हा यातला सगळ्यात महाग पडणारा घोळ. स्टेरॉइडची मुदत संपली, तरी बुरशीवरचे उपचार संपत नाहीत. पुढे स्टेरॉइड नसलेलं साधं बुरशीविरोधी क्रीम किती दिवस लावायचं, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. साधारणपणे ते त्वचा स्वच्छ दिसल्यावरही आणखी एक-दोन आठवडे लावतात, आणि चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे २ सेंटीमीटरपर्यंत, कारण बुरशी दिसत्या कडेच्या पुढे गेलेली असू शकते. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे रोज बदला, आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार एकाच वेळी करा. नाहीतर तोच नायटा फिरून येतो.

आधी विचारायलाच हवं

गरोदरपण, स्तनपान, मधुमेह, कमी झालेली प्रतिकारशक्ती, डोळ्यांचा दाब. मायकोनाझोल असलेलं क्रीम आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन एकत्र आलं, तर रक्तस्राव वाढू शकतो. क्रीम नुसतं त्वचेवर लावलं, तरीही.

लगेच दाखवावं असं काही

त्वचा पातळ आणि चकचकीत होणं, बारीक शिरा दिसणं, रंग फिका पडणं, जांघेत किंवा काखेत लांबट व्रण उठणं. हे व्रण सहसा कायमचे राहतात, म्हणून पहिली रेघ दिसताच डॉक्टर गाठा. चट्टा पसरत असेल, पू किंवा ताप आला असेल, किंवा नजर धूसर झाली असेल, तरीही वाट पाहू नका.

ज्यांनी महिनोन्‌महिने असं क्रीम लावलंय त्यांची अडचण वेगळी असते. बंद केलं की दोन-तीन दिवसांत खाज उसळते आणि हात पुन्हा त्याच ट्यूबकडे जातो. यात तुमचा दोष नाही, स्टेरॉइडचं कामच असं आहे. तीव्र स्टेरॉइड मोठ्या भागावर फार दिवस लावलं असेल, तर शरीराचं स्वतःचं संप्रेरक कमी झालेलं असू शकतं, म्हणून ते कसं थांबवायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, बरोबर न्या. शेवटचं क्रीम कधी लावलं तेही सांगा, कारण त्वचा खरवडून केलेल्या तपासणीत ताज्या औषधामुळे बुरशी निसटू शकते.