स्पॅनिशमधल्या ‘मांदो’चं भाषांतर करताना या चुका टाळा

‘मांदो’ दिसला की लगेच हुकूम किंवा नियंत्रण लिहू नका. मी पीथमपूरच्या एका डीलरसाठी खोदाई मशीनचं मॅन्युअल मराठीत केलं होतं, मशीन जळगावकडे जाणार होतं, त्यात ‘मांदो फिनाल’चं तेल बदला असं होतं आणि मी ‘अंतिम नियंत्रणाचं तेल’ लिहून दिलं. तिकडच्या मेकॅनिकचा फोन आला, साहेब, हे कुठे असतं, तेल कशात ओतू? तो फायनल ड्राइव्ह होता, ट्रॅक फिरवणारा शेवटचा गिअरबॉक्स, आणि मेकॅनिक लोक त्याला फायनल ड्राइव्हच म्हणतात. त्याने विचारलं म्हणून बरं, नाहीतर लाखांचं मशीन बसलं असतं.

सगळ्यात जास्त फसवणारी जोडी म्हणजे ‘आल मांदो दे’ आणि ‘आ लोस मांदोस दे’. पहिल्यात हुकमत असते, म्हणजे तुकडी कर्नलच्या कमांडखाली किंवा कर्नल तुकडीचा प्रमुख, कोण कुणाच्या हाताखाली ते वाक्यावरून बघा. दुसऱ्यात माणूस मशीन चालवत असतो, पायलट विमानाच्या कंट्रोलवर बसलाय असं. एकवचन-अनेकवचनाचा एवढासा फरक, पण घाईत हमखास सुटतो. आणि नुसतं ‘लोस मांदोस’ आलं तर क्रियापद बघा, ते बैठक घेत असतील तर फौजेतले अधिकारी, जाम झाले असतील तर लिव्हर आणि नॉब. (ऑफिसच्या कागदात ‘मांदोस इंतेरमेदियोस’ म्हणजे मधल्या फळीतले मॅनेजर, तिथे फौज नको.) फौजी शब्दाबद्दल शंका असली तर मी महूला राहणाऱ्या एका रिटायर्ड काकांना विचारतो, ‘पुएस्तो दे मांदो’ला ते सरळ कमांड पोस्ट म्हणतात आणि मीही तेच ठेवतो.

इलेक्ट्रिकच्या ड्रॉइंगमध्ये ‘सिर्कुइतो दे मांदो’ म्हणजे कंट्रोल सर्किट, पुश बटन, रिले, कॉन्टॅक्टरची कॉइल हे सगळं त्यात येतं, मोटरचा करंट वाहतो ते पॉवर सर्किट वेगळं. इथे ‘आदेश परिपथ’ लिहिलंत तर वायरमनला काही कळणार नाही.

टीव्हीचा रिमोट स्पेनमध्ये ‘मांदो’, पण मेक्सिको, अर्जेंटिनात ‘कोंत्रोल रेमोतो’, म्हणून क्लायंट कुठला आहे ते आधी विचारा.

आणि ‘कोमांदो’ हा वेगळा शब्द आहे हो, कम्प्युटरवर कमांड, फौजेत कमांडोंची तुकडी. भाषांतराला आलेल्या एक्सेल शीटमध्ये असा नुसता एकटा शब्द आला असेल तर स्क्रीनशॉट मागवल्याशिवाय तो सेल भरू नका.