जाळरेषा कशी आखावी, कधी काढावी आणि ती कुठे फसते

वणवा पेटल्यावर माणसाच्या हाती फार थोडं उरतं. कामाचे दिवस त्याआधीचे असतात. त्या दिवसांतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे जाळरेषा, म्हणजे गवत-पाला काढून माती उघडी पाडलेला पट्टा. आग तिथवर येते आणि खायला काही न मिळाल्याने थांबते. निदान थांबायला हवी. ती का थांबत नाही हे कळलं, तर रेषा कशी काढायची तेही कळतं.

वेळ

पहिली कापणी गवताचं बी गळायला लागलं की करावी. फार लवकर कापलं तर जमिनीतल्या ओलीवर गवत पुन्हा फुटतं. पूर्ण वाळेपर्यंत थांबलं तर दुसराच धोका असतो. ग्रास कटरचं लोखंडी पातं दगडावर आपटतं, ठिणगी उडते आणि रेषा काढणाऱ्यांच्याच हातून वणवा लागतो. म्हणून यंत्राचं काम सकाळी, दव पुरतं उडायच्या आत उरकावं. तापलेलं यंत्र गवतावर टेकवू नये, आणि इंधन भरायचं ते उघड्या मातीवर.

गवत किती वाळलंय ते पाहायला वेगवेगळ्या जागच्या दहा काड्या वाकवून बघा. आठ कडकन मोडल्या तर आग त्या माळावरून अडथळ्याविना धावेल. ६ मिलिमीटरपेक्षा बारीक काडी आणि पाला हवेच्या कोरडेपणाशी साधारण तासाभरात जुळवून घेतात. म्हणूनच ‘काल रात्री सर येऊन गेली, आज भीती नाही’ हा हिशेब दुपारपर्यंत खोटा ठरतो. जाड ओंडक्यांचं उलट. त्यांना वाळायला महिने लागतात, पण एकदा पेटले की दिवसचे दिवस धुमसतात.

हवेत बाष्प तेवढंच राहिलं आणि तापमान दहा-अकरा अंशांनी चढलं, तर सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते. सकाळी ५० टक्के असलेली आर्द्रता दुपारी २५ वर येते ती अशी. वारा मोजायला झाडाकडे पाहावं. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वेग ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ उडून लहान फांद्या हलू लागल्या तर २० ते २८. लहान झाडं डोलायला लागली तर २९ च्या वर. तापमान ३० च्या वर, आर्द्रता ३० च्या खाली आणि वारा ३० च्या वर, हे तिन्ही जुळले की त्या दिवशी शेकोटी नाही, बांध जाळणं नाही, वेल्डिंग नाही.

जागा आणि रुंदी

चढावर आग भडकते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच शेकून कोरडं करतात. उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून डोंगराच्या मधल्या उतारावर काढलेली रेषा बहुतेक वाया जाते. ती धारेवर किंवा धारेच्या जरा पलीकडच्या अंगाला असावी, कारण धार ओलांडताना आगीचा जोर मोडतो. पायवाट, बैलगाडीचा रस्ता, कोरडा नाला किंवा कातळ यांना रेषा जोडून घेतली तर निम्मे कष्ट वाचतात. घळीच्या तोंडावरून रेषा नेऊ नये. घळ धुराड्यासारखी आग वर खेचते.

गुडघाभर गवतात किमान ३ मीटर रुंदी धरा. कमरेएवढ्या गवतात त्याच्या दुप्पट, चढावर आणखी जास्त. जोराच्या वाऱ्यात मात्र १० मीटरचा पट्टाही पुरत नाही, कारण ठिणग्या तो उडून ओलांडतात. रेषेवर माणूस उभा लागतोच.

सगळ्यात जास्त हयगय होते ती खरवडण्यात. नुसतं गवत कापलं तर खाली खुंट, मुळं आणि कुजलेल्या पाल्याचा थर उरतो, आणि आग त्यातून सरपटत पलीकडे निघते. कुदळ-फावड्याने खालची माती दिसेपर्यंत खरवडायचं. निघालेला कचरा कडेला बांधासारखा रचून ठेवू नका. तो लांब नेऊन पातळ पसरा. वाळलेलं शेण उचला, ते आतल्या आत धुमसतं आणि तासांनंतरही पेट घेतं. रेषेवर लोंबणाऱ्या फांद्या २ मीटर उंचीपर्यंत छाटा. काठावर सुकलेलं झाड उभं असेल तर त्याच्या बुडाभोवतीची जागाही साफ करा, नाहीतर ते जळून रेषेवर आडवं पडेल. उतारावर रेषेच्या खालच्या कडेला चर खणून माती पलीकडच्या बाजूला चढवा, म्हणजे वरून गडगडत येणारा जळका ओंडका तिथे अडकेल.

पानगळीच्या जंगलात काढलेली रेषा पंधरवड्यात पाल्याने झाकून जाते. तिला पुन्हा झाडावंच लागतं. एकदा काढून विसरलेल्या रेषेवर भरवसा ठेवण्यापेक्षा ती नसलेली बरी.

पट्टा जाळून काढायचा असेल तर आधी वनखात्याची परवानगी घ्या. दोन्ही कडा मीटरभर खरवडून ओल्या करा. सकाळी, पानं जेमतेम हलतील एवढ्याच वाऱ्यात, वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून पेटवा, म्हणजे ज्वाळा वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकतील. एका वेळी चार-पाच मीटर, जास्त नाही.

आग आलीच तर

ज्वाळा सव्वा मीटरच्या आत असतील तरच हातातल्या अवजारांनी जवळ जा. सुती कपडे आणि चामडी बूट घाला, नायलॉन कातडीला वितळून चिकटतं. आगीच्या तोंडासमोर कधी उभं राहू नये. शेपटीकडून, जळून गेलेल्या काळ्या जमिनीवरून दोन्ही कडा मारत पुढे सरकायचं. हिरव्या फांदीने झोडपू नका, दाबून ओढा, झोडपल्याने निखारे उडतात. पाठीवरच्या पंपात १५ ते २० लिटर पाणी मावतं. ते ज्वाळेच्या शेंड्यावर न मारता बुडावर मारा. एकाने फक्त आग आणि वारा यांवर नजर ठेवायची, आणि निसटायच्या दोन वाटा आधीच ठरवायच्या. त्यातली एकही चढाची नको.

वाऱ्याने दिशा बदलणं सगळ्यात घातक. वाऱ्याबरोबर धावणाऱ्या वणव्याचं तोंड अरुंद आणि कूस लांबलचक असते. वारा फिरला की ती अख्खी कूसच तोंड होते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी हेच झालं. मेलबर्नमध्ये तापमान ४६.४ अंशांवर गेलं होतं, संध्याकाळी वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला आणि आगी भलत्याच गावांकडे वळल्या. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसं गेली. वारा अचानक पडला किंवा धुराचा लोट कलला, तर हातातलं टाकून काळ्या जमिनीवर या.

विझल्यावर कडेपासून आत किमान १० मीटरपर्यंत प्रत्येक खुंट आणि राखेचा ढीग उलथून पाहा. हाताची मागची बाजू आधी राखेजवळ धरून बघा, धग लागली नाही तरच टेकवा. कोमट लागलं तर पाणी घाला, कालवा, पुन्हा तपासा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वारा सुटायच्या वेळी, तीच फेरी पुन्हा मारा. आदल्या रात्री न दिसलेला धूर तेव्हा दिसतो.