शिराकावा-गोमध्ये एकट्याने एक निवांत दिवस

नाशिकहून जपानला जाणार असाल तर ताकायामाला मुक्काम करा. तिथून शिराकावा-गो या गवती छपरांच्या जुन्या घरांच्या गावाची बस साधारण ५० मिनिटांत ओगिमाची या मुख्य वस्तीत पोचते. काही गाड्यांना आरक्षण लागतं. ते आधीच करा, नाहीतर परतीला जागा मिळत नाही. पहिल्या गाड्यांपैकीच एक पकडा, कारण दहानंतर सहलींच्या बसगाड्या येऊ लागतात.

उतरल्यावर आधी शिरोयामाच्या टेकडीवर चढा, गल्ल्या नंतर. वरून गवताची छपरं एकाच दिशेने मांडलेली दिसतात. त्यांचा उतार साधारण ६० अंशांचा असतो, म्हणजे जड बर्फ साचून वासे मोडत नाहीत. १९९५ पासून हे गाव जागतिक वारसा आहे.

खरा वेळ वादा घराला, म्हणजे वादा कुटुंबाच्या जुन्या घराला द्या, निदान तासभर. माळ्यावर रेशीमकिडे पाळत. येवल्याची पैठणी पाहणाऱ्याला तिथली अवजारं पाहायला फार आवडतील. चुलीच्या धुराने छपराला कीड लागत नाही. गवताचं छप्पर साधारण ३० ते ४० वर्षांनी बदलतात, तेही गाव एकत्र येऊन. बूट काढावे लागतात आणि जिने उभे असतात, म्हणून जाड मोजे घाला, पायऱ्यांवर जपून पाय टाका.

शाकाहारी असाल तर जपून: भाजीच्या रश्श्यातही बहुधा दाशी, म्हणजे माशाचं सार, असतं. नाशिकचा कोरडा चिवडा जवळ ठेवा. कचरापेट्या फारशा नसतात, कचऱ्यासाठी पिशवी न्या. रोख येन हवेतच. ठरलेली ठिकाणं सोडून धूम्रपान नको. गवताच्या छपरांना एक ठिणगीही पुरते.