जुनी सीडी लगेच विकू नका

आवडत्या एक्सपेरिमेंटल रॉक अल्बमचं रीमास्टर, म्हणजे आधीच्याच मिक्सचा आवाज नव्याने नीट करून काढलेली आवृत्ती, आलं की जुनी कॉपी काढून टाकायची घाई करू नका, आधी दोन्ही एकामागून एक ऐका आणि मुख्य म्हणजे आवाज कानाला सारखा वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवून घ्या, कारण नवीन मास्टर बऱ्याचदा नुसतं जोरात वाजतं आणि जोरात ते चांगलं असं कानाला वाटतंच. मग शांत भाग ऐका. किंग क्रिमसन या ब्रिटिश बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममधलं 'मूनचाइल्ड' यासाठी मस्त आहे, त्यातली हळू इम्प्रोव्हायझेशन (सुचेल तसं वाजवणं) नव्या मास्टरमध्ये दबली असेल तर कळते लगेच. आणि हो, रीमास्टर आणि रीमिक्स वेगळं, याच अल्बमचं २००९ मध्ये संगीतकार स्टीव्हन विल्सनने केलं ते रीमिक्स, म्हणजे वाद्यं आणि गायन वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेल्या मूळ मल्टीट्रॅक टेपवरून पुन्हा मिक्सिंग. कव्हरवर नीट वाचा.