खाडी, सडा आणि खुला डेटा: बदल निसर्गात झाला की नोंदींत?

दाभोळच्या खाडीत दहा वर्षांत कांदळवन वाढलं की घटलं, हिवाळी पाहुणे पक्षी पूर्वीइतके येतात का, गावामागचा सडा (जांभ्या कातळाचं सपाट पठार) किती उरला, या प्रश्नांची उत्तरं शोधायला लागणारा बराचसा डेटा आज फुकट मिळतो. उपग्रहचित्रं, पक्ष्यांच्या याद्या, संग्रहालयांतले जुने नमुने, सगळं खुलं आहे. अवघड काम पुढचं: हाती आलेल्या आकड्यांत दिसणारा बदल निसर्गात झालाय, की बघणाऱ्यांत, ऋतूत, भरती-ओहोटीत किंवा फाइलच्या रचनेत, हे प्रत्येक टप्प्यावर तपासणं. खालची पद्धत त्याच तपासणीभोवती बांधली आहे.

प्रश्न लहान घ्या

‘कोकणची जैवविविधता’ हा अभ्यासाचा प्रश्न होत नाही. एक खाडी, एक अधिवास, ठरावीक वर्षं आणि एकच ऋतू घ्या. उदाहरणार्थ: दाभोळ ते चिपळूण या वाशिष्ठीच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत दिसणारं कांदळवन, २०१९ ते २०२४. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर उतरवा आणि त्यात हद्दीचा पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृती, काढा. ढोबळ चौकट पूर्व रेखांश ७३.१५ ते ७३.५५, उत्तर अक्षांश १७.५० ते १७.६५ अशी धरता येईल. क्षेत्रफळ काढण्याआधी सगळे थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपात आणा (सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३). अक्षांश-रेखांशाच्या अंशांत सरळ गणित केलं की उत्तर चौरस अंशांत येतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

नोंदी उतरवणं आणि निवडणं

जीबीआयएफ या जीवजातींच्या नोंदींच्या खुल्या जागतिक संग्रहावर खातं उघडा, ‘ऑकरन्सेस’मध्ये (नोंदींच्या विभागात) जा आणि जागेच्या फिल्टरमध्ये आपला पॉलिगॉन द्या. तो मजकुराच्या रूपात देताना आधी रेखांश, मग अक्षांश लिहायचा आणि बिंदू घड्याळाच्या उलट दिशेनं द्यायचे. दिशा चुकली तर आपली चौकट सोडून उरलेल्या जगाचा डेटा मागितल्यासारखं होतं. लाखो नोंदी दिसू लागल्या तर आधी हेच तपासा. ‘सिंपल’ प्रकारची फाइल पुरते. तिच्या नावात सीएसव्ही असलं तरी रकाने टॅबनं वेगळे केलेले असतात. लिबरऑफिसमध्ये उघडताना विभाजक टॅब आणि अक्षरसंच यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळी ओळ एकाच रकान्यात कोंबली जाते. प्रत्येक डाउनलोडला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो, तो त्याच क्षणी वहीत लिहून ठेवा. जीबीआयएफवर नोंदींची भर सतत पडत असते, त्यामुळे महिन्याभरानं तोच शोध केला तरी आकडा वेगळा येईल.

आता चाळणी. अक्षांश-रेखांश दोन्ही शून्य असलेल्या नोंदी काढून टाका. पक्ष्याची किंवा झाडाची नोंद भर समुद्रात पडत असेल तर बाजूला ठेवा. ‘कोऑर्डिनेट अनसर्टन्टी’ या रकान्यात स्थानाची चूक किती मीटरची असू शकते ते लिहिलेलं असतं. खाडीकाठच्या कामासाठी १००० मीटरच्या वरच्या नोंदी वगळा. रकाना रिकामा असेल तर त्या नोंदी वेगळ्या फाइलीत ठेवा, त्या अचूक आहेत असं गृहीत धरू नका.

आयनॅचरलिस्ट या हौशी निरीक्षकांच्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरून आलेल्या संकटग्रस्त जातींच्या नोंदींचं स्थान मुद्दाम धूसर केलेलं असतं. खरा बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही टाकला जातो, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या आत कुठेही. समुद्र ते सह्याद्री हे अंतरच आपल्याकडे जेमतेम ५०-६० किलोमीटर आहे. दाभोळच्या बंदरातली नोंद नकाशावर डोंगरउतारावर किंवा पाण्यात दिसू शकते. अशा नोंदी ‘तालुक्यात जात आहे’ एवढं सांगायला चालतात, अधिवासाचं विश्लेषण करायला नाही.

जुन्या नमुन्यांना वेगळा डोळा लागतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीच्या चिठ्ठीवर ‘रत्नागिरी जिल्हा’ लिहिलं असेल तर नमुना मालवणचाही असू शकतो, सावंतवाडीचाही. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता. एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पती-नमुन्यांवर तर नुसतं ‘कॉन्कन’ एवढंच सापडतं. अशा नोंदीला नंतर कुणीतरी जिल्ह्याच्या मध्यावरचा बिंदू चिकटवतो आणि मग एकाच ठिकाणी डझनभर जातींचा ढीग दिसतो. तो ढीग जैवसंपन्न जागा नसून नकाशाचा मध्यबिंदू असतो. एकाच अक्षांश-रेखांशावर किती नोंदी आहेत याचा तक्ता काढला की हे बिंदू लगेच उघडे पडतात.

शास्त्रीय नावंही बदलतात. बाभळीच्या जुन्या नोंदी ‘अकेशिया’ खाली आणि नव्या ‘व्हॅचेलिया’ खाली असतील तर नावावरून शोधताना झाड गायब झाल्याचा भास होतो. म्हणून नावापेक्षा जीबीआयएफच्या जातिक्रमांकावरून गट करा.

पक्षी: आकडा मोजू नका, प्रमाण मोजा

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या नोंदी गेल्या दहा वर्षांत कितीतरी पटींनी वाढल्या, कारण बघणारे वाढले. नोंदींची बेरीज केली तर जवळजवळ प्रत्येक पक्षी ‘वाढलेला’ दिसतो. उपाय सोपा आहे. ईबर्डच्या जागेवर विनंती अर्ज भरून मूळ डेटासेट मागा. तो फुकट मिळतो. जीबीआयएफमधून येणारा ईबर्डचा भाग इथे पुरत नाही, कारण यादी पूर्ण होती का (ओळखता आलेला प्रत्येक पक्षी तिच्यात लिहिला होता का) आणि निरीक्षणाला किती वेळ दिला ही माहिती त्यात नसते. सोबत ‘सॅम्पलिंग इव्हेंट’ची, म्हणजे सगळ्या याद्यांच्या तपशिलाची, फाइल घ्यायला विसरू नका. पक्षी ज्या याद्यांत दिसला नाही त्या याद्या त्याच फाइलीतून कळतात.

मग फक्त पूर्ण याद्या ठेवा. वेळ ५ तासांपर्यंत, अंतर ५ किलोमीटरपर्यंत, निरीक्षक १० पर्यंत. एकत्र फिरलेल्या गटातल्या अनेकांच्या खात्यांवर तीच यादी असेल तर ती एकदाच मोजा. आता प्रमाण काढा: पक्षी दिसलेल्या याद्या भागिले एकूण याद्या. समजा २०१५ च्या जानेवारीत १२ याद्यांपैकी ६ मध्ये समुद्रगरुड होता आणि २०२३ च्या जानेवारीत २४० पैकी ६० मध्ये. नोंदी दसपट झाल्या, पण प्रमाण ५० टक्क्यांवरून २५ वर आलं. इथेही थांबून पाहा: १२ याद्या फार थोड्या आहेत, आणि त्या एकाच जाणकारानं गरुडाच्या घरट्याजवळून केल्या असतील तर ५० टक्के हा आकडाच फुगलेला आहे. दरवर्षी किमान ३० याद्या नसतील तर दोन-तीन वर्षं एकत्र करा. फेब्रुवारीत पक्षिगणनेचा उपक्रम असतो, त्या चार दिवसांत याद्यांचा पूर येतो. तुलना त्याच महिन्यांची त्याच महिन्यांशी करा.

उपग्रहचित्रं आणि तिथी

कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय संकेतस्थळावर खातं उघडून सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं बघा. दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांत एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे १०० पिक्सेल मिळून एक हेक्टर. २०१५ च्या आधीचा काळ हवा असेल तर लँडसॅट आहे, ३० मीटरचं, पण १९८४ पासूनची मालिका देणारं. जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळपास सोडूनच द्यावे लागतात. कांदळवनासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. प्रक्रियेची पातळी एल२ए (वातावरणाचा परिणाम काढलेली) निवडा आणि सगळी वर्षं त्याच पातळीची ठेवा.

आता भरती. हे दोन्ही उपग्रह आपल्याकडून सकाळी ११ च्या सुमारास जातात, दरवेळी जवळपास त्याच वेळी. किनाऱ्यावरचा जुना आडाखा आठवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे उपग्रह येतो तेव्हा उधाणाची भरती भरात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या चित्रात चिखलाण आणि कांदळाची लहान रोपं पाण्याखाली जातात, सप्तमी-अष्टमीच्या चित्रात ती उघडी असतात. एका वर्षाचं चित्र अष्टमीचं आणि दुसऱ्याचं पौर्णिमेचं घेतलं तर एकही झाड न तुटता कांदळवन घटलेलं दिसेल. म्हणून चित्राची तारीख पंचांगात बघा आणि एकाच पक्षातल्या जवळच्या तिथींची चित्रं निवडा. आडाखा मुंबईकडे चांगला जुळतो. दक्षिणेकडे वेळ सरकते, तिथे भरतीच्या छापील कोष्टकाशी ताडून घ्या. यातूनच आणखी एक मर्यादा निघते. उधाणाची सर्वांत खालची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, ती या चित्रांत कधीच सापडत नाही. चिखलपक्ष्यांची चरायची जागा त्यामुळे नेहमी कमीच मोजली जाते.

दुसरा खड्डा फाइलीत आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या मूळ फाइलींत प्रत्येक मूल्याला १००० जोडलेले असतात. फाइलीच्या नावात ‘एन’नंतर ०४०० किंवा मोठा आकडा दिसला तर आधी १००० वजा करा. न केल्यास काय होतं ते बघा. हिरवाईचा निर्देशांक, एनडीव्हीआय, म्हणजे (बी८ − बी४) ÷ (बी८ + बी४); बी८ हा जवळचा अवरक्त पट्टा, बी४ लाल. बी८ ३००० आणि बी४ ५०० असेल तर उत्तर ०.७१. दोन्हींत १००० जास्तीचे राहिले तर ४००० आणि १५०० वरून तेच उत्तर ०.४५ येतं. घनदाट कांदळवन एका रात्रीत विरळ झालं! चित्रांचं ऑनलाइन गणित करून देणारं गूगल अर्थ इंजिन वापरत असाल तर ‘हार्मोनाइज्ड’ असं नाव असलेला संग्रह घ्या, त्यात ही दुरुस्ती केलेली असते.

क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये एनडीव्हीआय काढा, ०.४ पासून सुरुवात करून आपल्या खाडीला जुळणारा उंबरठा ठरवा. समुद्रसपाटीपासून १० मीटरच्या वरची जमीन उंचीच्या नकाशानं वगळा. तरीही माडाच्या वाड्या राहतात, त्याही सखल, त्याही हिरव्या. ओल्या चिखलावरच्या कांदळवनाचं बी११ या लघुलहरी अवरक्त पट्ट्यातलं मूल्य सहसा कमी असतं, तो दुसरा निकष लावा. मग ५० ते १०० यादृच्छिक बिंदू टाकून गूगल अर्थच्या जुन्या चित्रांवर एकेक तपासा आणि किती चुकले ते अहवालात लिहा.

वाढ दिसली तर लगेच आनंद मानू नका. महाराष्ट्राचं कांदळवन २०१७ च्या राष्ट्रीय वनअहवालात ३०४ चौरस किलोमीटर होतं, २०२१ च्या अहवालात ३२४. कोकणात खारबंधारा फुटून खाजणात (खाडीकाठच्या सखल जमिनीत) खारं पाणी शिरलं की दोन-चार वर्षांत तिथे तिवर हे कांदळवनाचं झाड उभं राहतं. नकाशावर ते नवं कांदळवन, गावाच्या लेखी बुडालेलं भातखाचर. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही लिहायला हवं.

सडा

जागतिक नकाशांवर सर्वांत जास्त अन्याय कातळसड्यावर होतो. जमीन-आच्छादनाच्या नकाशांत तो उघडी जमीन किंवा विरळ गवत म्हणून रंगवला जातो, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. प्रत्यक्षात पहिल्या पावसानंतर तिथे दीपकाडी फुलते, पुढे सीतेची आसवं आणि गेंद यांचे ताटवे येतात. मे महिन्याच्या चित्रावरून सड्याचा निकाल लावू नका. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एखादं निरभ्र चित्र बहुतेक वेळा मिळतं, ते दरवर्षी त्याच पंधरवड्यातलं घ्या. काळ्या कातळावर लालसर, सरळ कडांचे चौकोन दिसले की ती चिरेखाण (जांभा दगडाची खाण). पावसाळ्यानंतर खाणीत पाणी साठतं आणि पाण्याचे तयार नकाशे त्याला नवा पाणवठा म्हणून नोंदवू शकतात. वृक्षाच्छादनाच्या जागतिक नकाशांतही आंबा, काजू आणि दोडामार्गकडचं रबर हे रानाबरोबरच मोजलं जातं. सड्यावर कलमांची बाग आली की तिथे ‘वन वाढलं’ असं दिसतं. युरोपीय अवकाश संस्थेच्या (ईएसए) वर्ल्डकव्हर या जमीन-आच्छादनाच्या नकाशाच्या २०२० आणि २०२१ च्या आवृत्त्या वेगवेगळ्या पद्धतीनं केल्या आहेत, त्यांची वजाबाकी करून बदल काढू नका.

पावसाचा खुला डेटा हवामान खात्याकडे ०.२५ अंशाच्या जाळीत १९०१ पासून मिळतो. पण किनारा आणि घाटमाथा यांच्या पावसात मोठा फरक आहे आणि एवढा मोठा चौकोन तो सरासरीत बुडवतो. तालुक्याच्या प्रवृत्तीसाठी चालेल, एका वाडीसाठी नाही.

जमिनीवर आणि परत

शंका असलेले बिंदू छापून घेऊन गावात जा. बंधारा कोणत्या साली फुटला, खाण कधी सुरू झाली, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसाला कोणत्याही उपग्रहापेक्षा नेमकं माहीत असतं. स्वतःच्या नोंदी टाकताना काही न दिसलेली यादीही टाका, परवाना सीसी बाय (श्रेय देऊन वापर) किंवा सीसी झिरो (बिनशर्त वापर) ठेवा, म्हणजे पुढच्याला वापरता येईल. कासवाचं घरटं, धनेशाची ढोली, दुर्मीळ आमरीचं झाड यांचं अचूक स्थान मात्र उघड करू नका, छायाचित्रातली जीपीएस माहितीही आधी पुसा. आणि फाइलीसोबत एक साधी मजकुराची नोंद ठेवा: डाउनलोडची तारीख, डीओआय, लावलेले फिल्टर, प्रत्येक चित्राची तारीख, वेळ आणि तिथी, आणि किती नोंदी कोणत्या कारणानं गाळल्या.