सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचताना आणि वापरताना या चुका टाळा

सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल आला की त्याच संध्याकाळपर्यंत तो एका ओळीत मावेल इतका लहान केला जातो. ‘मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा’, ‘बुलडोझर कारवाईला चाप’, ‘खासगी मालमत्ता सरकारला घेता येणार नाही’ अशा या ओळी असतात. त्यांतल्या काही खऱ्या असतात, काही अर्धसत्य असतात. पण न्यायालयासमोर नेमका प्रश्न कोणता होता, उत्तराला अटी कोणत्या होत्या आणि कोणती प्रकरणे त्यातून वगळली होती, हे कोणत्याच ओळीत येत नाही. पक्षकाराचे नुकसान बहुधा या वगळलेल्या भागातच होते. कोणी हक्क नसताना दावा लावून बसतो, तर कोणी हक्क असूनही मुदत निघून जाईपर्यंत थांबतो.

मुलींच्या वाट्याचा निकाल अर्धाच वाचणे

महाराष्ट्रातील गावोगावच्या वाटपाच्या दाव्यांवर गेल्या काही वर्षांत सर्वाधिक परिणाम झाला तो 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात दिलेल्या निकालाचा. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात सांगितले की, हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाप्रमाणेच जन्मामुळे सहदायिकाचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच वाटा असलेल्या सदस्याचा, हक्क मिळतो आणि हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे 9 सप्टेंबर 2005 रोजी, तिचे वडील हयात असण्याची गरज नाही. त्याआधी 2015 च्या फुलवती प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी वडील हयात असण्याची अट घातली होती, तर 2018 च्या दानम्मा प्रकरणात दुसऱ्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने वडील 2001 मध्ये वारलेले असतानाही मुलींना वाटा दिला होता. हा गोंधळ तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मिटवला. आपल्याकडे तर 1994 च्या राज्य दुरुस्तीमुळे आणखी एक भेद होता. 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्या दुरुस्तीचा लाभ मिळत नव्हता. 2005 च्या केंद्रीय कायद्याने लग्नाच्या तारखेवरचा हा भेद संपवला, तरीही ‘तुझे लग्न आधी झाले, तुला वाटा नाही’ हे वाक्य आजही बहिणींना ऐकावे लागते. ते चूक आहे आणि ते ऐकून गप्प बसणे ही आणखी मोठी चूक आहे.

आता या निकालाने काय दिले नाही ते पाहू. हा हक्क सहदायिकी मालमत्तेपुरता आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन किंवा घर त्यांनी मृत्युपत्राने एकाच मुलाला दिले असेल, तर केवळ या निकालाच्या आधारे ते मृत्युपत्र रद्द होत नाही. मृत्युपत्र केलेच नसेल, तर मुलगी पहिल्या वर्गाची वारस म्हणून मुलाच्या बरोबरीने वाटा घेते, पण तो हक्क या निकालाच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे 1956 च्या वारसा कायद्यापासूनचा आहे. दुसरी मर्यादा तारखेची. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने पूर्ण झालेले वाटप या कायद्याने उकरून काढता येत नाही, आणि त्या तारखेपूर्वी कायदेशीरपणे विकलेल्या मालमत्तेलाही संरक्षण आहे. याउलट, ‘आमचे तोंडी वाटप तेव्हाच झाले होते’ हा भावांचा नेहमीचा बचाव न्यायालयाने सहजी मान्य करू नये, असे याच निकालात स्पष्ट म्हटले आहे. तोंडी वाटपाला सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल, तरच ते अपवाद म्हणून विचारात घेता येते. दावा चालू असून प्राथमिक हुकूमनामा (कोणाचा वाटा किती हे ठरवणारा) झालेला असला, तरी प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या अंतिम हुकूमनाम्यापूर्वी मुलीचा वाढीव वाटा त्यात धरता येतो. चालू दाव्यातील अनेक बहिणींच्या कामाचा हा मुद्दा आहे आणि तोच बातम्यांतून सहसा गळतो.

हक्कसोड पत्राबाबतची समजूत तर फारच महागात पडते. बहिणीने पूर्वी नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून दिले असेल, तर हा निकाल आल्यामुळे ते आपोआप रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव असेल, तर तो स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो, आणि दस्त रद्द करून मागण्याची मुदत ती वस्तुस्थिती कळल्यापासून साधारण तीन वर्षांची असते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून आपल्याला वगळले आहे हे कळल्यापासून वाटा मागण्यासाठी बारा वर्षे असतात. ‘सर्वोच्च न्यायालयाने हक्क दिला आहे, आता नाव लागेल’ अशा भरवशावर सातबाऱ्याकडे पाहत राहिल्याने ही मुदत थांबत नाही.

जुना निकाल अजूनही कायम आहे असे धरून चालणे

28 मार्च 2018 रोजी एशियन रिसरफेसिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितले होते की, दिवाणी किंवा फौजदारी खटल्याला मिळालेली स्थगिती कारणांसह वाढवली नाही, तर ती सहा महिन्यांनी आपोआप संपेल. या एका वाक्यावर देशभरातील शेकडो अर्ज चालले. 29 फेब्रुवारी 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो नियमच रद्द केला. स्थगिती उठवायची असेल, तर दुसऱ्या बाजूने अर्ज करावा लागतो, आणि न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यावा लागतो, असे घटनापीठाने सांगितले. मात्र जुन्या नियमामुळे स्थगिती उठून जे खटले निकाली निघाले होते, ते त्याने पुन्हा उघडले नाहीत. त्यामुळे 2021 किंवा 2022 मधला एखादा लेख वाचून ‘सहा महिने झाले, स्थगिती संपली’ असे मानून बांधकाम सुरू करणारा माणूस आज न्यायालयाच्या अवमानाच्या कारवाईला सामोरा जाऊ शकतो.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याबाबतचा प्रवास याहून बोलका आहे, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातीलच प्रकरणातून झाली. 20 मार्च 2018 रोजी सुभाष काशीनाथ महाजन प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी मंजुरी आवश्यक ठरवली. त्याविरुद्ध देशभर तीव्र आंदोलने झाली. त्याच वर्षी संसदेने कलम 18-अ घालून या अटी दूर केल्या, 1 ऑक्टोबर 2019 रोजी पुनर्विचार याचिकेत न्यायालयाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले आणि 10 फेब्रुवारी 2020 रोजी ती दुरुस्तीही वैध ठरवली. तरीही ‘आधी चौकशी, मग गुन्हा’ असे सांगून तक्रारदाराला परत पाठवले गेल्याचे ऐकू येते. हे ऐकताना मनाला लागते, कारण ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे त्यालाच कालबाह्य निकाल दाखवला जातो. अशा वेळी कलम 18-अ चा लेखी उल्लेख करून तक्रार द्यावी, तरीही गुन्हा नोंदवला नाही, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी.

उलटापालट कधी कधी काही महिन्यांतच होते. प्रकल्प सुरू झाल्यावर मागाहून पर्यावरण मंजुरी देण्यास 16 मे 2025 रोजी दोन न्यायमूर्तींनी वनशक्ती प्रकरणात मनाई केली, आणि 18 नोव्हेंबर 2025 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2 विरुद्ध 1 अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. त्याच नोव्हेंबरच्या 20 तारखेला राष्ट्रपतींनी मागितलेल्या मतावर उत्तर देताना पाच न्यायमूर्तींनी राज्यपालांना विधेयकांवर निर्णय घेण्यासाठी न्यायालय ठरावीक मुदत घालून देऊ शकत नाही असे म्हटले. एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी तशी मुदत आखून दिली होती.

म्हणून निकालाची तारीख पाहिल्यावर पीठ किती न्यायमूर्तींचे होते हे पाहावे. लहान पीठावर मोठ्या पीठाचा निकाल बंधनकारक असतो, आणि येथे मोजायचे ते पीठातील एकूण न्यायमूर्ती, बहुमतातील नव्हे. मोठ्या पीठाच्या नंतरच्या निकालाने जुना निकाल बदलला आहे का, संसदेने किंवा विधिमंडळाने दुरुस्ती केली आहे का आणि पुनर्विचार याचिका मंजूर झाली आहे का, या तिन्ही गोष्टी वकिलांकडून तपासून घ्याव्यात.

न्यायमूर्तींचा प्रत्येक शब्द कायदा मानणे

सुनावणीचे थेट प्रक्षेपण सुरू झाल्यापासून ही चूक वाढली आहे. वकिलाला अडचणीत टाकणारा प्रश्न न्यायमूर्तींनी विचारला की तो ‘न्यायालयाने फटकारले’ म्हणून छापला जातो आणि वाचकाला तो निकालच वाटतो. निवडणूक आयोगाने मद्रास उच्च न्यायालयातील तोंडी शेऱ्यांविरुद्ध केलेल्या याचिकेवर मे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, तोंडी शेरे अधिकृत अभिलेखाचा भाग नसतात; बंधनकारक असतो तो लेखी निकाल आणि आदेश.

लेखी निकालातही प्रत्येक परिच्छेदाचे वजन सारखे नसते. 1 ऑगस्ट 2024 रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 विरुद्ध 1 मतांनी अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण, म्हणजे आरक्षणासाठी त्यांच्यातच गट पाडणे, राज्यांना करता येते असे ठरवले. तसे करता येत नाही असे सांगणारा 2004 चा चिन्नय्या निकाल त्याने रद्द झाला. त्याच निकालपत्रांत चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींनाही क्रीमी लेयर (त्यांतील पुढारलेल्यांना आरक्षणातून वगळण्याचा निकष) लावावा असे मत मांडले. पण पीठासमोरचा प्रश्न तो नव्हता, त्यामुळे ते मत म्हणजे आदेश नव्हे, आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने असा निकष लावणार नसल्याचे स्पष्ट केले. आमच्या मुलाचे जात प्रमाणपत्र आता निरुपयोगी झाले, अशी भीती तेव्हा अनेक पालकांना वाटली होती. निकालपत्रांतला मत आणि आदेश यांचा फरक कोणी त्यांना सांगितला असता, तर ती टळली असती.

याचीच दुसरी बाजू विशेष अनुमती याचिकेत, म्हणजे अपील करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मागणाऱ्या याचिकेत, दिसते. एका ओळीच्या आदेशाने याचिका फेटाळली, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालावर शिक्कामोर्तब केले, असे नव्हे. कारणे न देता दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच याचिका फेटाळली, तर त्यातून कोणताही कायदा घोषित होत नाही, हे 2000 च्या कुन्हयम्मद निकालापासून स्पष्ट आहे.

निष्कर्ष आणि प्रत्यक्ष दिलासा यांत गल्लत

11 मे 2023 च्या महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या निकालात पाच न्यायमूर्तींनी राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे म्हटले, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने आधीची स्थिती पुन्हा आणता येणार नाही, असेही सांगितले. पहिले वाक्य धरणाऱ्याला एक निकाल दिसला, दुसरे धरणाऱ्याला दुसरा. खासगी प्रकरणांतही असेच होते: न्यायालय चूक मान्य करते, पण मागितलेली सुधारणा देत नाही. म्हणून शेवटचा, आदेशाचा भाग आधी वाचावा आणि मग मागे जावे.

घटस्फोटाबाबत 1 मे 2023 चा निकाल असाच चुकीचा वापरला जातो. लग्न कायमचे मोडले असेल, तर सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खाली, म्हणजे पूर्ण न्यायासाठी आदेश देण्याच्या आपल्या विशेष अधिकारात, ते संपुष्टात आणू शकते. हा अधिकार कौटुंबिक न्यायालयाला नाही, आणि या कारणावरून थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करता येत नाही असेही त्याच निकालात आहे.

बुलडोझर कारवाईवरच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची झाली, पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामांना आणि न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिलेल्या बांधकामांना ती लागू नाही. नऊ न्यायमूर्तींचा 5 नोव्हेंबर 2024 चा निकाल मुंबईतील उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर आकारल्या जाणाऱ्या जुन्या) इमारतींविषयीच्या म्हाडा कायद्यातील तरतुदींवरून उद्भवला होता. प्रत्येक खासगी मालमत्ता अनुच्छेद 39(ब) मधील ‘समाजाची भौतिक साधने’ ठरत नाही, एवढेच त्याने सांगितले. महामार्गासाठी जमीन संपादनाची नोटीस आलेल्या शेतकऱ्याला त्याचा आधार घेता येत नाही. त्याने हरकतीची आणि मोबदला वाढवून मागण्याची मुदत सांभाळावी.

मूळ निकाल कोठे आणि कसा वाचावा

सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर 2023 पासून ई-एससीआर ही निकालांची विनामूल्य सेवा आहे, आणि अनेक निकालांचे मराठी अनुवादही तेथे मिळतात. अनुवाद समजून घेण्यासाठी वापरावा, पण न्यायालयात आधार द्यायचा तो मूळ इंग्रजी निकालाचा. निकालाला वर्ष, ‘आयएनएससी’ ही अक्षरे आणि क्रमांक असा तटस्थ संदर्भ असतो. एखाद्याने सांगितलेला निकाल खरोखर अस्तित्वात आहे का हे त्यावरून लगेच तपासता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी रचलेले, कधीच न दिलेले निकाल भारतीय न्यायालयांसमोर उद्धृत झाले आहेत, म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक संदर्भ उघडून पाहावा. आपल्याच प्रकरणात विरोधी निकाल लागला असेल आणि पुनर्विचार मागायचा असेल, तर त्यासाठी निकालापासून तीस दिवसांची मुदत असते. प्रमाणित प्रतीसाठी त्याच आठवड्यात अर्ज करावा.